दोरीवरच्या बावीस नोटा

ती घटना विसरण्यासाठी मी बरीच खटपट केली, पण माझे तेव्हाचे जमादार अजून रत्नागिरीतच राहतात आणि त्यांची स्मरणशक्ती दुर्दैवाने उत्तम आहे. लग्नकार्यात चार माणसं जमली की ते मुद्दाम माझ्याच खुर्चीजवळ येऊन ती गोष्ट सांगतात. दर वेळी त्यात माझ्या मूर्खपणाची एक नवी भर पडते. तेव्हा म्हटलं, आपणच एकदा लिहून टाकावी. निदान मूर्खपणा जेवढा होता तेवढाच राहील. तोही काही कमी नव्हता.

नावं कुणाचीच देत नाही. मी तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला दोनेक वर्षं होती. हद्दीत एक बंदर, एक मासळीबाजार, दोन बँका आणि आंबे. गुन्हे म्हणाल तर बांधावरची भांडणं आणि होड्यांच्या जाळ्यांची चोरी. त्यामुळे एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला बँकेच्या मॅनेजरांचा फोन आला तेव्हा मी जवळजवळ आनंदानेच खुर्चीतून उठलो.

"साहेब, पाच आहेत," मॅनेजर म्हणाले.

"काय पाच?"

"पाचशेच्या. बनावट. एकाच माणसाकडून, एकाच वेळी."

इथे वाचकांना नियम सांगायला हवा. बँकेच्या खिडकीवर एका वेळी चारपर्यंत खोट्या नोटा आल्या तर बँक त्या जप्त करते आणि महिन्याच्या शेवटी पोलिसांना एकत्रित कळवते. पाच किंवा जास्त आल्या की मात्र थांबायचं नाही, लगेच गुन्हा नोंदवायचा. तेव्हा जुनी दंड संहिता होती. कलम ४८९ आणि त्याची पिल्लं. खोटी नोट छापणं, चालवणं, जवळ बाळगणं. त्यातलं प्रत्येक पिल्लू चावरं.

बँकेत गेलो तर बाकावर आमच्या बाजारातली चाची बसलेली. तिला सारं बंदर चाचीच म्हणायचं. साठीच्या पुढची, विधवा. पहाटे लिलावात मासळी घ्यायची आणि दुपारपर्यंत बाजारात विकायची. माझ्या घरचं पापलेट तिच्याकडूनच यायचं. गंमत म्हणजे चार दिवसांपूर्वीच तिची पासपोर्ट पडताळणीची फाइल माझ्या टेबलावर आली होती. तिला हजला जायचं होतं. त्यासाठी तिने किती वर्षं पैसे साठवले ते मला माहीत नाही, पण फाइल आल्यापासून ती रोज ठाण्याच्या दारातून डोकावून जायची, एवढं माहीत होतं.

माझी नजर तिच्या बोटांवर गेली. नखांच्या कडांना राखाडी-निळसर डाग.

"चाची, बोटांना काय लागलंय?"

"शाई."

"कसली शाई?"

"नोटेची."

मी जमादारांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. गुन्हेगार इतकं सरळ उत्तर देत नाही, ही साधी गोष्ट एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर मला सुचायला हवी होती. पण डोक्यात बँड वाजायला लागला की माणसाला बाकीचं ऐकू येत नाही. चाची म्हणाली, "साहेबानू, ऐका तरी जरा." मी म्हणालो, "ऐकू, ऐकू. आधी घर बघू."

दोन पंच घेतले, महिला शिपाई घेतली आणि तिच्या घरी गेलो. घरात काही नव्हतं. पण परसात पाऊल टाकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. शेवग्यापासून विहिरीच्या खांबापर्यंत दोरी बांधलेली, आणि दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवलेल्या पाचशेच्या बावीस नोटा, वाऱ्यावर हलत होत्या. ओल्या! मी आयुष्यात छापखाना पाहिला नव्हता, पण छापलेला कागद वाळवतात एवढं मला कळत होतं.

बँकेतून येताना मी मॅनेजरांकडून छोटा जांभळा दिवा मागून आणला होता, नोटा तपासायचा. साधा कागद त्या दिव्याखाली पांढरट-निळा चमकतो. नोटेचा खरा कागद चमकत नाही, काळसरच राहतो, असं मॅनेजरांनी शिकवलं होतं. घरात अंधार करून मी एक नोट दिव्याखाली धरली. लखलखाट! दुसरी धरली. तोच प्रकार. बावीसच्या बावीस नोटा दिवाळीसारख्या उजळल्या.

जमादार हळूच म्हणाले, "साहेब, जरा वास घेऊन बघता का?"

"वास कसला?"

"बांगड्याचा."

"जमादार, पंचनामा लिहा."

त्यांनी लिहिला. माझ्या सांगण्यावरून काय काय लिहिलं ते आजही तोंडपाठ आहे. ओल्या नोटा बावीस. प्लास्टिकचे चिमटे बावीस. पांढरी पावडर, अर्धी पिशवी. आणि 'नोटा सपाट करण्याचे विद्युत उपकरण, एक'. म्हणजे इस्त्री.

मग मी जिल्ह्याच्या साहेबांना फोन लावला. "सर, कारखाना सापडला!"

"यंत्र सापडलं?"

"शोधतोय, सर. इस्त्री मिळालीय."

मग साहेब म्हणाले, "हे बघा, अटकेची घाई करू नका. आधी नोटा तज्ज्ञाला दाखवा." त्या एका वाक्याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे.

पण एक घाई मी केलीच. संध्याकाळी ठाण्यात येऊन चाचीच्या पासपोर्टच्या फाइलवर 'अहवाल प्रतिकूल' असा शेरा मारला, झोकात सही केली आणि फाइल वर पाठवून दिली. हजचा फॉर्म भरायची मुदत आठ दिवसांवर होती. चाचीला ते सांगितलं तेव्हा ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "साहेबानू, पुढल्या सालाला मी आसेन, पण माजे गुडघे नसतील."

दुसऱ्या दिवशी नोटा घेऊन रत्नागिरीला गेलो. तिथे एका बँकेत करन्सी चेस्ट आहे, म्हणजे मध्यवर्ती बँकेच्या नोटांची तिथली तिजोरी. मी नोकरीत कितीदा तरी त्या पेट्यांना बंदोबस्त दिला होता. नाशिककडून गाडी यायची, शिपाई बंदुका घेऊन उभे राहायचे, पेट्या आत जायच्या. आत काय असतं ते मला माहीत होतं, पण कधी नीट पाहिलेलं नव्हतं. देवळाबाहेर जन्मभर चपला राखाव्यात आणि आतला देव पाहायचा राहून जावा, तशातली गत.

तिजोरीच्या रोख अधिकारी एक बाई होत्या. किरकोळ अंगाच्या, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं सुपारीच्या अडकित्त्यासारखं. त्यांनी माझं पुडकं घेतलं, पहिली नोट उचलली आणि डोळे मिटले. अंगठा एकदा कडेवर फिरवला, एकदा मधल्या चित्रावर. मग दुसरी. मग तिसरी. बावीस नोटा व्हायला दोन मिनिटंही लागली नसतील.

"खऱ्या आहेत," त्या म्हणाल्या.

"कुठली?"

"सगळ्या. एकूण एक."

"बाई, दिव्याखाली चमकतात!"

"चमकणारच. साबणाच्या पावडरीत धुतल्यात. कपडे पांढरे दिसावेत म्हणून पावडरीत जो चमकणारा पदार्थ असतो, तो कागदात मुरतो. तुम्ही दिव्याने नोट नाही तपासलीत साहेब, साबण तपासलात."

मला वाटलं, ती तिजोरी उघडावी आणि मला आत घालून कुलूप लावावं. पण बाईंना माझी दया आली असावी. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि एक नोट माझ्या हातात ठेवून मला ती वाचायला शिकवली.

तो अर्धा तास मी विसरणार नाही. हा कागद लाकडाच्या लगद्याचा नाही, कापसाचा, म्हणून धुतला तरी फाटत नाही. कडेच्या पाच तिरप्या रेषा, मधलं चित्र, अशोकस्तंभ हे सगळं इतक्या दाबाने छापलेलं असतं की शाई कागदावर उभी राहते आणि बोटाला लागते. दृष्टी नसलेल्या माणसालाही आपल्या हातात किती रुपये आहेत ते कळावं म्हणून. नोट तिरपी केली की धाग्याचा हिरवा रंग निळा होतो. नंबराचे आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. उजेडात धरलं की रिकाम्या जागेत तोच चेहरा पाण्यातून वर यावा तसा दिसतो. भिंग लावल्याशिवाय जिथे काही लिहिलंय असं वाटतही नाही, तिथे अक्षरं असतात.

"मध्यवर्ती बँकेतली माणसं," बाई म्हणाल्या, "सतत एकच विचार करतात. उद्या हे कोण कसं चोरेल? आणि ज्याला शाळा नाही, दिवा नाही, वेळ नाही, त्याला ते कसं ओळखता येईल? जीर्ण नोटा परत आमच्याकडे येतात. त्यातली एकेक नोट यंत्रातून तपासून, चुरा करून, तिच्या जागी नवी सोडतात. तुम्ही गस्त घालता ना, तशीच ही गस्त आहे. फक्त ती कुणाला दिसत नाही."

मी म्हणालो, "आमची दिसते, पण उपयोग होतोच असं नाही." बाई पहिल्यांदा हसल्या.

परत आल्यावर मी जे काम आदल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. चाचीच्या ओट्यावर बसलो आणि विचारलं, "चाची, सांग काय झालं ते."

"आता विचारताव?" ती म्हणाली. "काल तोंडाला कुलूप होतं काय?"

"माझ्या कानाला होतं."

मग तिने सांगितलं. नोटा ती रोजच धुते. मासळीच्या हातांनी घेतलेल्या नोटेला खवलं चिकटतात, वास राहतो. बँकेतली काउंटरवरची मुलगी एकदा नाकाला रुमाल लावून म्हणाली होती, "चाची, जरा धुऊन तरी आणत जा." मुलगी थट्टेने म्हणाली, चाचीने मनावर घेतलं. तेव्हापासून पावडर, दोरी, चिमटे, इस्त्री. बँकेत जाताना नोटा परीटघडीच्या.

"आणि त्या पाच?"

त्या पाच तिच्या नव्हत्याच. गेल्या महिन्याभरात बाजारातल्या पाच बायकांच्या हाती एकेक आली होती. मासळीवालीचा हात सदा ओला. खऱ्या नोटेला त्याचं काही होत नाही. ह्या नोटेचा रंग मात्र ओल्या बोटाला लागला आणि कागद पापडासारखा मऊ पडला. कुणी म्हणालं, भाजीवाल्याला खपवू. चाचीने सगळ्यांना झापलं.

"नासलेली मच्छी आपण दुसरीच्या टोपलीत टाकतो काय? मग नासलेली नोट कशाला टाकायची? आणा हिकडं, मी बँकेत देते. ज्यांची नोट, त्यांनी बघावं."

चार नेल्या असत्या तर महिनाअखेरच्या यादीत गेल्या असत्या. तिने प्रामाणिकपणे सगळ्या, म्हणजे पाच नेल्या. आणि आधी पुन्हा एकदा चोळून खात्री केली, म्हणून बोटं रंगली. उभ्या बंदरात खोटी नोट पुढे न ढकलणारी एक बाई होती आणि मी नेमकी तिच्यावर झडप घातली होती.

"कोणी दिल्या, आठवतं?"

"आठवतं म्हंजे! सगळ्यांना एकच माणूस. चांगला शर्ट-पँटवाला. बांगड्याचा एकच वाटा घ्यायचा नि पाचशेची नोट पुढं करायचा. भाव नाय केला."

"भाव न करणारा गुन्हेगारच असतो असं नाही."

"कल्ला उचलून बघितला नाय, साहेबानू! पाची जणींकडं! लाल हाय का काळा, ताजा का नासका, काय नाय. पिशवीत टाकला नि सुटे घेऊन गेला. मासे खाणारा माणूस असा घेतो काय?"

एवढ्यात माझ्यामागे उभे असलेले जमादार म्हणाले, "साहेब, एसटी स्टँडच्या मागे मांजरं का वाढलीत ते आता कळलं."

तिथे महिनाभर कुणीतरी चांगले ताजे बांगडे कचऱ्यात टाकत होतं. स्टँडवरचा चहावाला रोज त्याच्या नावाने खडे फोडायचा. रत्नागिरी जिल्ह्यात माणूस माणसाला टाकेल, ताजा बांगडा टाकणार नाही. टाकणारा एकतर वेडा असला पाहिजे नाहीतर शाकाहारी.

पुढचा तपास खरं म्हणजे बाजारातल्या बायकांनी केला. कल्ला न बघणारं गिऱ्हाईक आलं की त्याला बोलण्यात गुंतवायचं, एवढं ठरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो आला, तोही चाचीसमोर. मी लुंगी आणि बनियन घालून दोन टोपल्यांपलीकडे उभा होतो. वेषांतर उत्तम होतं. फक्त पायात पॉलिश केलेले पोलिसी बूट तसेच राहिले होते.

चाचीने त्याची नोट ओल्या चिमटीत धरली आणि गोड आवाजात म्हणाली, "बाबा, बांगडं संपत आली. त्यापरास ती मांदेली घे."

"द्या," म्हणत त्याने सुरमईकडे बोट केलं.

वीतभर मांदेली आणि हातभर सुरमई! शेजारच्या बायका खो-खो हसायला लागल्या. तो गोंधळला, खाली पाहिलं, आणि त्याला माझे बूट दिसले. तो पळाला. मी धावलो. बर्फाच्या पाण्यावरून माझा पाय घसरला आणि मी सरळ त्याच्या पाठीवर जाऊन आदळलो. दुसऱ्या दिवशी पेपरात 'शिताफीने झडप' असं छापून आलं. मी खुलासा केला नाही.

तो वरच्या तालुक्यातला निघाला. लग्नपत्रिका आणि बॅनर छापायचा. संगणक, रंगीत प्रिंटर, भारी कात्री. ठाण्यात त्याला चहा दिला. मारहाणीची वेळ आली नाही. कलाकाराला त्याच्या कलेबद्दल विचारलं की तो आपणहून बोलतो.

"मासळीबाजारच का निवडलास?" मी विचारलं. "तुझ्या घरी तर अंडंही चालत नाही म्हणतोस."

"म्हणूनच, साहेब. तिथं ओळखीचं कुणी भेटणार नाही. आणि तिथं दिवा नाही, यंत्र नाही. बायका शिकलेल्या नाहीत."

जमादारांना ठसका लागला. ते चहाचा कप घेऊन बाहेर गेले.

मी त्याच्यापुढे त्याची नोट आणि एक खरी नोट शेजारी शेजारी ठेवली. मग त्याने खऱ्या नोटेच्या धाग्यावरून नख फिरवलं. पकडलं गेल्याची नव्हती तेवढी हरल्याची लाज त्याच्या चेहऱ्यावर होती.

"ह्याच्यावर महिने घातले, साहेब. रंग जुळला, आकडे जुळले. हा धागा काही जमला नाही. आणि ही शाई कागदावर अशी उभी कशी राहते, ते मला अजून कळलेलं नाही. ज्यानं कुणी हे केलंय..." त्याने खरी नोट अलगद माझ्याकडे सरकवली. "त्याच्या पाया पडावंसं वाटतं."

चोराच्या तोंडून इतकी खरी स्तुती मी नोकरीत दुसऱ्यांदा ऐकली नाही. त्याला पुढे शिक्षा लागली. प्रिंटर, कात्री, कागद सगळं कोर्टात गेलं.

माझं काम मात्र संपलं नव्हतं. चाचीची फाइल वर पडून होती, त्यावर माझा शेरा होता आणि मुदतीला चार दिवस उरले होते. मी जिल्हा कार्यालयात फोन केला. तिथला लिपिक जुना ओळखीचा होता.

"साहेब, सोपं आहे," तो म्हणाला. "'नव्याने प्राप्त झालेल्या माहितीवरून फेर-अहवाल सादर' असं लिहा. सगळे तसंच लिहितात. तुमच्यावर काही येत नाही."

मी कागद घेतला आणि तसं लिहायला सुरुवातही केली. 'नव्याने प्राप्त' इथपर्यंत आलो आणि पेन अडलं. नवीन माहिती कसली? जी होती ती पहिल्या दिवशी बँकेच्या बाकावर बसून "ऐका तरी जरा" म्हणत होती. त्या आठवड्यात मी पाच खोट्या नोटा हाताळल्या होत्या. त्या ओल्या बोटाने ओळखता आल्या. पण माझा तो अहवाल? सरकारी कागद अस्सल, शिक्का अस्सल, सही अस्सल, आणि मजकूर खोटा. तो ओळखायला चाचीकडे कुठलाही धागा नव्हता, कुठलीही रेष नव्हती. तिने तो निमूट स्वीकारला, कारण वर सही होती. नोटेवरही शेवटी एक सहीच असते. ती सही खरी राहावी म्हणून नाशिकपासून आमच्या तिजोरीपर्यंत किती माणसं डोळ्यांत तेल घालून बसतात, ते मी नुकतंच पाहून आलो होतो. आणि माझी सही मी संध्याकाळच्या चहाबरोबर झोकात ठोकली होती.

पहिला कागद फाडला. दुसरा घेतला. 'अर्जदाराचे म्हणणे न ऐकता मी प्रतिकूल अहवाल दिला. तो पूर्णपणे चुकीचा होता. अर्जदार सदर गुन्ह्यात आरोपी नसून तिच्यामुळेच गुन्हा उघडकीस आला आहे.' खाली सही केली, ह्या वेळी सावकाश. आणि पत्र टपालात न टाकता स्वतः रत्नागिरीला नेऊन दिलं. मला लेखी ताकीद मिळाली. ती माझ्या सेवापुस्तकात आहे, आणि तिथे असलेल्या दोन प्रशस्तिपत्रांपेक्षा ती जास्त कष्टाने मिळवलेली आहे.

मुदतीच्या आदल्या दिवशी चाचीचा फॉर्म भरला गेला. जायच्या आधी ती ठाण्यात आली, डोक्यावर पदर, हातात पासपोर्ट. मी उभा राहिलो.

"साहेबानू, तितं गेल्यावर सगळ्यांसाठी दुआ मागायची हाय. तुमच्यासाठी काय मागू?"

मी म्हणालो, "चाची, थोडी अक्कल माग."

ती काही बोलायच्या आतच शेजारच्या टेबलावरून जमादार म्हणाले, "चाची, बेतानं माग हां. विमानात सामानाच्या वजनावर बंधन असतं."